येळवशीचा वाटा

अहमदपूर मागं पडून दीड तास झाला होता, आणि तारामतीनं हातातला डबा अजून एकदाही खाली टेकवला नव्हता.

थर्माकोलचा पांढरा डबा. तो तिनं दोन्ही हातांनी छातीपाशी धरला होता आणि चालता चालता सावकाश डावीकडं-उजवीकडं हलवत होती. तिच्या मागून पंचफुला गुडघ्यावर हात ठेवत ठेवत चालत होती. रस्त्याच्या एका अंगाला ट्रक, जीप, एसट्या अशी लांबलचक रांग लागलेली. पुढं शिरूर ताजबंदला रास्ता रोको होता. एसटी एकाच जागी तासभर उभी राहिली तेव्हा तारामती उठून कंडक्टरला म्हणाली होती, "दार उघडा. आमी चालत जातो."

"मावशी, शिरूर नऊ-दहा किलोमीटर हाय."

"असू द्या. तुमची गाडी तर एकबी किलोमीटर जाईना झाली."

गाडीतले लोक हसले होते. ती हसली नव्हती.

"तारा, आण की गं इकडं," पंचफुला आता म्हणाली. "हात भरून आले असतील."

"न्हाई अक्का. तुमी बोलायच्या नादात हलवायचं इसरता."

ते खरंच होतं. मघाशी पंचफुलानं डबा घेतला होता. बाभळीखाली पाणी प्यायला थांबली आणि तिचे हात थांबले. तारामतीनं रडतं लेकरू घ्यावं तसा डबा तिच्याकडून काढून घेतला होता.

डब्यात एकच पिशवी होती. ताकावरच्या निवळीसारखं पिवळसर पाणी दिसायचं तिच्यात, पण ते रक्तातलंच होतं. प्लेटलेट म्हणतात त्याला, जखमेचं रक्त थांबवणाऱ्या पेशी. तारामतीच्या सोळा वर्षांच्या पुनमला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि त्याच्या औषधानं ह्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. माणसाच्या रक्ताच्या बारीकशा थेंबात दीड लाख तरी असाव्या लागतात, पुनमच्या चार हजार उरल्या होत्या. कालपासून नाकातलं रक्त थांबत नव्हतं. तिचा गट बी निगेटिव्ह. लातुरात त्या दिवशी कुणी सापडेना, म्हणून भुजंगरावांना, पुनमच्या वडिलांना, तिच्या उशाशी बसवून ह्या दोघी नांदेडला गेल्या होत्या. तिथं ताहेर नावाचा गाद्या भरणारा माणूस दुकान बंद करून आला आणि दोन तास मशिनीला हात देऊन पडून राहिला. तारामती त्याच्या पाया पडायला वाकली, तर तो गडबडीनं उठून बसला. "अम्मा, ये क्या करते? बेटी अच्छी हो जाती, दुवा में याद रखो बस."

रक्तपेढीतल्या माणसानं दोन गोष्टी बजावल्या होत्या. ह्याला बर्फ लावायचा नाही, आणि एका जागी निपचित ठेवायचं नाही. हलवत राहायचं, नाहीतर पेशी एकमेकींना चिकटतात.

एका ट्रकवाल्यानं वरून विचारलं, "काय मावशी, मासळी हाय का डब्यात? बर्फ पायजे का? माझ्याकडं हाय."

"बर्फानं मरत्यात ह्या."

"कोण?"

"माझ्या पोरीच्या पेशी."

तो माणूस खाली उतरला. पाण्याची बाटली पंचफुलाच्या हातात दिली आणि फाटक्या टॉवेलानं तोंड पुसत उभा राहिला.

पंचफुला लातुरात मुलींची मेस चालवायची. नवरा गेल्यावर राहत्या घराच्या तीन खोल्या तिनं क्लासला येणाऱ्या मुलींना दिल्या होत्या. दहावी-बारावी झाली की जळकोट, भोकर, देगलूर, कुठून कुठून पोरी यायच्या. ज्याच्या त्याच्या घराला वाटायचं, आपलं लेकरू लातूरला गेलं म्हणजे डॉक्टर झालंच. पुनम दीड वर्षापूर्वी आली, तेव्हा तिच्यासोबत आई-बाप नुसते नव्हते, एक अख्खी क्रूझर भरून माणसं आली होती. पंचफुला दारातच म्हणाली, "खोली पोरीला दिली मी, गावाला नाही." तेव्हा त्यातला एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणाला, "बाई, ही गावाचीच हाय."

तो बसवंत. त्या बोलण्याचा अर्थ पंचफुलाला पुढं हळूहळू कळला. तारामतीनं तो कधी एका बैठकीत सांगितला नाही. भाजी निवडताना एक तुकडा, दवाखान्याच्या बाकावर एक तुकडा.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे तारामती गोठ्यात होती. म्हैस व्यायला आली होती, भुजंगराव कंदील धरून उभे होते. गणपती बुडवून आलेलं गाव गाढ झोपलेलं. घर दगडमातीचं, वर हातभर मातीचं माळवद. सात वर्षांचा पोरगा आणि चार वर्षांची पोरगी आत एका वाकळेत निजलेली. जमीन हलली ती धान्य चाळणीत हलवावं तशी, असं ती म्हणायची. धूळ खाली बसली तेव्हा घर नव्हतं. बसवंतचंही घर पडलं होतं, पण त्याची माणसं बाहेर आली होती. तो पळत इकडं आला आणि हातानं दगड उपसायला लागला. दुपारी दोन्ही लेकरं वर काढली. वाकळ तशीच अंगाभोवती होती. बसवंतच्या दोन बोटांची नखं गेली ती पुन्हा नीट आलीच नाहीत.

आणि तारामतीचं तर ऑपरेशन झालेलं. दोन लेकरं झाली म्हणून तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच करून घेतलं होतं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना डॉक्टर लोक आले, म्हणाले, ज्या बायांची लेकरं गेली त्यांच्या नळ्या परत जोडता येतात. गावातल्या बाया लाजून बसल्या. तारामती पहिली उठली. तीन वर्षांनी, कोजागिरीला, पुनम झाली. त्या शेडवस्तीत भूकंपानंतर जोडलेल्या कुशीतून आलेलं ते पहिलं लेकरू. ज्या घरात मेलेलं होतं त्या प्रत्येक घरानं तिला मांडीवर घेतलं. कुणी अंगडं शिवलं, कुणी टाळू भरली. "तिला एका घरी जेवून घरी यायला लई टाइम लागायचा," तारामती सांगायची. "वाटेत चार घरं खाऊ घालायची."

शिरूरला पोचायला दीड वाजला. चौकात माणसं सतरंज्या टाकून बसली होती. एकजण आडवा आला, "मावशी, कुटं?" पण डबा हलताना बघून दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं. त्यांनीच पलीकडं जाऊन जीप बघून दिली. चार वाजता लातुरात पिशवी टांगली गेली आणि तिन्हीसांजेला पुनमच्या नाकातला बोळा पांढरा निघाला.

"आई," पुनम म्हणाली, "ह्या आठ-दहा दिवसांच्या पाहुण्या आहेत बरं. लाल पेशी एकशेवीस दिवस मुक्काम करतात. पांढऱ्या सगळ्यात नखरेल, काही तासांतच निघतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"अकरावीच्या पुस्तकात आहे. कारखाना हाडात असतो. माझा सध्या बंद आहे."

तिच्या डोक्यावर एक केस नव्हता. केस गेले त्या दिवशी पंचफुला चोरून रडली होती, पुनम मात्र म्हणाली होती, "मावशी, वेणीचा वेळ वाचला, फिजिक्सची दोन गणितं जास्त होतील." तोंडात फोड आल्यावर तिला पाणीसुद्धा गिळवत नसे, तरी उशाशी पुस्तक उघडं असायचं. तिला वाटायचं, एक वर्ष बुडेल फार तर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, जीव लावून सांगायच्या. औषध आजारी पेशी मारतं, पण चांगल्या पेशी जिथं तयार होतात तो हाडातला मगजही जाळून टाकतं. मग काही दिवस हाडं रिकामी राहतात. तारामतीनं ते ऐकून विचारलं होतं, "म्हणजे तणासंगं पीकबी जळतं. मग नवं कवा उगवतं?"

"दोन-तीन आठवड्यांनी, आपोआप. तेवढे दिवस तिला जपायचं. तेव्हा तिच्याकडं लढायला कुणी नसतं. साधा जंतूही भारी पडतो."

जपायचं म्हणजे काय ते पंचफुलानं वहीतल्या कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं. पाणी उकळून. दही, ताक, कच्चं काही नाही. फुलं नाहीत. गर्दी नाही, बाहेरचं माणूस नाही. काटा शंभरच्या वर गेला की घरची गोळी न देता सरळ दवाखाना. पंचफुला रोज पहाटे देवाला फूल वाहायची. त्या दिवसांत तिनं देवघरातलीही फुलं बंद केली. देवाला म्हणाली, तुला कळतंय ना.

प्लेटलेटच्या त्या पिशवीनंतर पेशी वाढल्या. जानेवारीच्या दोन तारखेला पुढचा डोस झाला आणि पुनमला गावी न नेता पंचफुलाच्याच घरी ठेवलं, दवाखाना जवळ म्हणून. मेसच्या पोरींचं जेवण पंचफुलानं महिनाभर शेजारी नागुबाईकडं लावून दिलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आठव्या-दहाव्या दिवशी पेशी सगळ्यात खाली जातील. त्या गेल्याच. अकरा तारखेला रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी दोनशे, असायला हव्यात चार हजारांच्या वर.

अकरा तारखेलाच येळवस होती. वेळ अमावस्या. लातूरकडच्या माणसाला हिच्याएवढा सण नाही. त्या दिवशी घराला कुलूप असतं. सगळं गाव रानात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात पूजा, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली ताकाची आंबील. आणि त्या दिवशी कुणी जेवल्याशिवाय राहिलं, असं होऊ द्यायचं नसतं. वाटसरूला हाका मारून बसवतात. जो येऊ शकला नाही त्याचा वाटा त्याच्या दारापर्यंत जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलानं पुनमचा ताप बघितला. साडेअठ्ठ्याण्णव. ती नेहमीसारखं "शाबास" म्हणाली. दहा वाजता दारात क्रूझर थांबली.

बारा-तेरा माणसं होती. बाया, म्हातारी, दोघी-तिघी पुनमच्या शाळेतल्या. हातात भज्जीचं पातेलं, उंडे, आंबिलीचं मडकं ओल्या फडक्यात बांधलेलं. सगळ्यात पुढं बसवंत.

"पुनमचा वाटा आणलाय," तो फाटकाबाहेरून म्हणाला. मग तोंड बाजूला करून खोकला.

पंचफुला फाटकाच्या आत उभी राहिली. "दादा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तिच्या पेशी दोनशेवर आल्यात. दवाखान्यानं माणूस आत घेऊ नका म्हणून सांगितलंय."

"आमी काय भायेरचं माणूस हाव का?" मागून एक बाई म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

बसवंत म्हणाला, "बरं. नगं. दुरूनच बघतो. खिडकीतून हात करा म्हणावं."

तेवढ्यात आतून पुनमचा आवाज आला. "कोण, बसवंतआबा आलेत? मावशी, येऊ द्या ना. चार महिने झाले मला माणसं बघून. नुसते मास्क बघते मी."

पंचफुलानं तारामतीकडं बघितलं. तारामती ओसरीत खांबाला धरून उभी होती. तिचा चेहरा पंचफुलाला आजही समोर दिसतो. ती हळूच म्हणाली, "अक्का, ह्यांनी माझी लेकरं हातानं उकरून काढली. मी ह्यांना दारातून कशी परत लावू?"

फाटकाची कडी पंचफुलाच्या हाताखाली होती. ती तिनंच काढली.

तिनं सगळ्यांना हात धुवायला लावले, तोंडाला पदर, रुमाल लावायला लावले, आंबिलीचं मडकं बाहेरच ठेवलं. लोकांनी मुकाट्यानं ऐकलं. खाटेपासून चार हात लांब बसले. पाच-दहा मिनिटं तसं चाललं. मग एका म्हातारीला राहवलं नाही, तिनं पुढं होऊन पुनमच्या टकलावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. मग दुसरी उठली. बसवंत सगळ्यात शेवटी उठला. पुनम म्हणाली, "आबा, येळवशीला कोपीभोवती आंबिलीचा चर शिंपताना 'हर हर महादेव' कोण ओरडलं यंदा? दरवर्षी मी ओरडते."

"कुणीच न्हाई. तुज्याबिगर कुणाचा आवाज निघंना."

ती खदखदून हसली. तोंडातले फोड दुखले म्हणून मध्येच थांबली, आणि परत हसली. त्या महिन्यात तारामतीनं आणि पंचफुलानं तिला तसं हसताना बघितलं ते तेवढंच. ते खोटं नाही. ते लोक तिला हसवून गेले.

तेरा तारखेला दुपारी तिला हुडहुडी भरली. काटा एकशे दोन. अर्ध्या तासात ती दवाखान्यात होती. ह्यात कुणी कसूर केली नाही. सलाईन, भारी अँटिबायोटिक, सगळं सुरू झालं. पण लढायला आत कुणी नव्हतं. चौदाला संक्रांत होती, बायका वाणवसा घेऊन रस्त्यानं जात होत्या, आणि वर दवाखान्यात पुनमचं बीपी खाली खाली जात होतं. ती शुद्धीत होती तोवर एकदाच म्हणाली, "मावशी, पांढऱ्या पेशी उगवल्या का बघा ना." पंचफुला रिपोर्ट बघून आली. दोनशेच्या नव्वद झाल्या होत्या. पंचफुलाला खोटं बोलता येत नसे. ती म्हणाली, "अजून नाही गं बाळा."

"उगवतील," पुनम म्हणाली. उलट तिनंच धीर दिला.

पंधरा तारखेला सकाळी साडेदहाला ती गेली.

तारामती रडली नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "माणसं आली म्हणून झालं का?"

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही. असे जंतू बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्याच पोटातले असतात. रोज आपल्या आत असतात, पेशी असल्या की काही करत नाहीत. कुणी आलं नसतं तरी झालं असतं कदाचित. रक्ताच्या तपासणीत कुठलाच जंतू उगवला नाही."

ते 'कदाचित' घेऊनच दोघी घरी आल्या. पंचफुलानं कितीतरी वेळा स्वतःला सांगून बघितलं की जंतू आतलेच असतील. सांगून होतं, आणि हाताला कडीचा गारठा लागतो. देवापुढं बसली तरी तिला आधी फाटक दिसायचं.

तेराव्याला ती गावी गेली. नवं गाव आखीव, सरळ गल्ल्यांचं, सारख्या घरांचं. मांडवात लोक बसले होते, पण कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. पान वाढलं तरी घास उचलेनात. बसवंत मांडवात नव्हता.

जेवणं झाल्यावर तारामतीनं पंचफुलाला हाताला धरून मागं गोठ्याकडं नेलं. दोन म्हशी उभ्या होत्या. तारामती गव्हाणीच्या कडेवर बसली. अंगातलं रक्त कुणी काढून घेतल्यासारखी ती दिसत होती.

"बसवंतदादा घराभायेर यीना झालाय," ती म्हणाली. "बायकूनं दिलेलं खाईना. कुण्यातरी कंपाउंडरनं गावात बोललं, खोकल्याचं माणूस अशा पेशंटजवळ जाऊ ने म्हणून. तवापासनं बसलाय भिताडाकडं तोंड करून. मी गेले हुते. म्हणलं, दादा, तुमच्यानं काय झालं न्हाई. तर म्हणतो, तू माय हाईस, तू अशीच बोलणार. म्हणला, पंचफुलाअक्काला इचारतो. ती बाई खोटं बोलत न्हाई."

"मग डॉक्टरीणबाई बोलल्या तेच सांगते मी. आतलेच जंतू असतात म्हणून."

"असत्याल, म्हणल्या त्या." तारामती मान हलवत राहिली. "असत्यालवर झोप येत न्हाई, अक्का. तुमाला येती का? मला येती का?"

पंचफुलानं म्हशीपुढची वैरण आत सारली.

"माझं ऱ्हाऊ द्या. मी सोसन. पण त्या माणसानं माझी दोन लेकरं वर काढली. आता तिसरं आपुनच खाली घातलं, असं धरून बसलाय तो. हा गाव एकदा मातीखालनं निघालाय अक्का. आता परत कशाखाली जाऊ ने."

घराच्या पुढच्या अंगाला चपलांचा आवाज झाला. कुणीतरी खोकलं आणि थांबलं. तारामती उठली, पदर सारखा केला आणि पंचफुलाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"त्यो आलाय बगा. त्याला सांगा, तुमची गाडी यायच्या आदीच पोरीच्या अंगात ताप हुता. सकाळीच काटा वर गेला हुता, असं म्हणा. तारामतीनं लपवून ठिवला म्हणा, माझ्या अंगावर घाला सगळं. एवढं एक खोटं बोला, अक्का. देवाला काय सांगायचं ते मी सांगते."